गवाक्ष काळ

“गवाक्ष म्हणजे काय गं?” आत्याबाईंनी विचारलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या उजव्या हातात भाकरतुकडा होता, डाव्या हातात एक गुलाबी चिठ्ठी, आणि उंबऱ्याबाहेर भर उन्हात चौदा महिन्यांनी जेलमधून सुटून आलेला त्यांचा धाकटा मुलगा उभा होता. पायांवर पाणी घालून झालं होतं. भाकरतुकडा दोनदा ओवाळून झाला होता. तिसऱ्या वेळेला रेवणभावजी आईच्या पाया पडायला वाकले आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून ती चिठ्ठी खाली पडली. आत्याबाईंची शाळा तिसरीपर्यंतची, पण समोर आलेलं अक्षर वाचल्याशिवाय सोडायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यांनी कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. ग-वा-क्ष का-ळ. तीन महिने.

“तुझं एमए झालंय ना मराठीत? मग सांग की.”

मी आठ महिन्यांच्या शाल्मलीला कडेवर घेऊन दारात उभी होते. दारात म्हणजे दाराच्या आडच. एमए मी पहिल्या वर्गात केलं होतं. लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर व्याकरणही शिकवलं होतं. गवाक्ष म्हणजे खिडकी, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वर ‘गो’ आणि ‘अक्ष’ असा विग्रह फुकटात करून दिला असता.

त्याहून जास्तही मला माहीत होतं. चिठ्ठीवर रोगाचं नाव नव्हतं, जेलचा शिक्काही नव्हता. एक नंबर, चार जून ही तारीख, आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातली ‘खोली क्र. ७’, आणि तो शब्द. त्या सात नंबरच्या खोलीत मी स्वतः बसून आले होते. पोटुशी बाई तिथे नाव घालायला गेली की तिचं रक्त एचआयव्हीसाठी तपासतातच. माझंही तपासलं, काही निघालं नाही, आणि ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही. कारण आमच्याकडे तपासलं म्हणजे काहीतरी असणारच. तिथल्या शेख मॅडम चित्रांचा तक्ता उलटत समजावून देत. लागण झाली तरी पहिले काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. मधल्या दिवसांना विंडो पिरियड म्हणतात. सरकारने त्याचं मराठी केलं, आणि सरकारने मराठी केलं की ते मराठी माणसाला कळू नये याची काळजी घेतलेली असते. म्हणून गवाक्ष काळ.

एका वाक्याचं काम होतं. मी शाल्मलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाले, “कसला तरी काळ असेल, आत्याबाई. पंचक असतं ना, तसा.”

रेवणभावजींनी माझ्याकडे बघितलं. भाकरतुकडा तिसऱ्यांदा उतरला आणि गल्लीत फेकला गेला. गल्लीतल्या कुत्र्याने तो हुंगून सोडून दिला. घरातल्या माणसांपेक्षा त्याने निदान आपलं मत उघडपणे मांडलं.

आमच्या घरात कुठलाही काळ आला की तो चन्नय्या स्वामींकडे जातो. स्वामी आमच्या घराचं पंचांग बघतात. मोठे सज्जन माणूस; ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द सोडले तर त्यांना सगळं येतं. त्यांनी चिठ्ठी उन्हाकडे धरली, पंचांग पुढून चाळलं, मागून चाळलं, डोळे मिटले, आणि सांगितलं की गवाक्ष काळ फार जुना आहे, हल्लीच्या पंचांगांतून तो काढून टाकलाय, तरी सरकारने तो चिठ्ठीवर घातला म्हणजे सरकारलाही शेवटी शास्त्राकडे यावं लागलं. उपाय सोपा होता. गवाक्ष असलेल्या खोलीत राहायचं. उंबरा ओलांडायचा नाही. ताट-वाटी वेगळी.

एवढ्यावर थांबले होते ते. मी फक्त एक प्रश्न विचारला. “आणि लहान बाळाचं काय, स्वामी?”

विचारलं म्हणजे काहीतरी असणारच, हे स्वामींनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, वर्षाच्या आतल्या बाळाला स्पर्श वर्ज्य.

अशी माझ्या मनातली गोष्ट शास्त्रात गेली. स्पर्शाने काही होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, कडेवर घेतल्याने होत नाही, हे सगळं त्या तक्त्यावर चित्रांसकट होतं आणि मला तोंडपाठ होतं. पण माहिती तक्त्यावर असते आणि मूल कडेवर असतं. मी स्वतः काहीच केलं नाही, हे मला फार आवडलं. जे केलं ते स्वामींनी.

*

रेवणभावजी जेलमध्ये का गेले तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही काहीच्या काही समजाल. मीही समजत होतेच.

घराला लागूनच आमचं भांड्यांचं दुकान आहे. शेजारी दुसरं भांड्यांचं दुकान आहे. भांड्यांची दुकानं एकमेकांना लागून असली की भांडण वेगळं ठेवावं लागत नाही. एका लग्नाच्या गिऱ्हाइकावरून शब्दाला शब्द लागला आणि भावजींनी शेजाऱ्याच्या मेव्हण्याच्या डोक्यात पितळी कळशी घातली. मेव्हण्याला अकरा टाके पडले, कळशीला पोचा पडला, भावजींवर खुनाच्या प्रयत्नाचं कलम पडलं. जामीन होईना. शेवटी चौदा महिन्यांनी मेव्हण्याने कोर्टात सांगितलं की कळशी बहुतेक फळीवरून पडली असावी. निर्दोष सुटले. मधल्या काळात इकडे शाल्मलीचा जन्म झाला, बारसं झालं. आत्याबाईंना दुर्गा नाव हवं होतं. मी शाल्मली ठेवलं, कारण एमएचा कुठेतरी उपयोग व्हायला हवा. आत्याबाई अजून तिला साल्मल म्हणतात.

दुकानात भावजींचं काम भांड्यांवर नावं घालायचं. ते टर्रर्र आवाज करणारं छोटं मशीन असतं ना, पेनासारखं धरायचं, त्याने ते स्टीलवर नावं कोरत. अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखन देवाच्या हवाली. पहिल्या वेलांटीशी त्यांचं लग्न लागलं होतं. दुसरी वेलांटी त्यांनी उभ्या आयुष्यात काढली नव्हती. गीताची गिता, लक्ष्मीची लक्ष्मि. ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ या शब्दाची तर त्यांनी सात गावांत विटंबना केली होती. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले. ते म्हणाले, “वहिनी, भांडं घासलं की वेलांटी झिजते. माणूस नावाने ओळखू येतो.” तेव्हापासून मी गिऱ्हाइकाची यादी तपासून द्यायला लागले आणि ते मला ‘परीक्षक’ म्हणायला लागले, अर्थात पहिली वेलांटी काढून.

तर स्वामींची आज्ञा झाली त्या दिवशी दुपारी दुकानातून नवं ताट, वाटी आणि पेला आला. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरात माणूस वेगळा काढायला कितीसा वेळ लागतो? आत्याबाई म्हणाल्या, अदलाबदल नको, त्यावर नाव घाल. नाव घालणारा गावात एकच होता. त्याने मांडी घालून स्वतःच्या वेगळ्या ताटावर स्वतःचं नाव घातलं. रेवणसिद्ध. त्यात एकच वेलांटी, तीही पहिली. त्यांच्या हातून निघालेलं ते बहुधा पहिलं शुद्ध भांडं.

मागच्या खोलीत पूर्वी मालाची खोकी असत. तिला परसाकडे उघडणारी एक बुटकी, गजांची खिडकी होती. म्हणजे शास्त्राची सोय झाली. जेलमधून आलेल्या माणसाला आम्ही गजांमागे ठेवलं आणि त्याला उपाय म्हटलं. दुकानातली भांडी तिथे नेऊन दिली जात, भावजी नावं घालून परत देत. आमचे हे रोज सकाळी भावाला खिडकीतून “बरा आहेस ना?” विचारून दुकानात जात. बरं नसेल तर काय करायचं हे यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे उत्तराला ते थांबत नसत.

मी मात्र लक्ष ठेवून होते. लक्ष ठेवणं हे माझं त्या वर्षीचं पूर्ण वेळेचं काम होतं. शाल्मली श्वास घेते की नाही हे मी आरसा धरून बघत असे, मग दीर काय करतो हे बघणं काहीच नाही. भावजी दाढीचं सामान स्वतःजवळ ठेवत आणि वापरलेलं पातं कागदात गुंडाळून, डब्यात घालून मगच टाकत. याचा अर्थ त्यांना काहीतरी माहीत आहे. चैत्र संपत आला, अंगाची लाही होत होती, तरी ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत, मनगटाशी गुंडी लावलेली. याचा अर्थ हातावर काहीतरी आहे. जेलमध्ये सुया टोचून घेतात हे मी पेपरात वाचलं होतं. त्यापुढचं मी स्वतः रचलं, चांगल्या मराठीत.

एप्रिलमध्ये शाल्मली धरून उभी राहायला लागली. धरायला सगळं घर होतं, पण तिने ती खिडकी निवडली. एका दुपारी मी कपडे वाळत घालता घालता वळते तर ही बाहेरून गज धरून उभी, आणि आतून टिंग टिंग आवाज येतोय. भावजी त्यांच्या पेल्यावर नखाने वाजवत होते. ही हसत होती, तिची लाळ गजावरून ओघळत होती. मी पातळ तसंच टाकून धावले आणि तिला ओढून घेतलं. ती अशी रडली की शेजारच्या दुकानातला तो मेव्हणासुद्धा डोकावून गेला.

भावजींनी पेला खाली ठेवला. दोन्ही हात पाठीमागे घेतले. “वहिनी, मी गजाला हात लावला नव्हता,” ते म्हणाले.

मी म्हणाले, तसं नाही भावजी, पण काळ चालू आहे ना.

मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला त्या शब्दाचा अर्थ खरंच माहीत नाही?”

“नाही.”

“मग असू दे.”

माहीत नसलेल्या बाईला सांगायचं तर त्यांना रोगाचं नाव घ्यावं लागलं असतं. ते नाव घरात एकदा घेतलं की मग रक्त काय म्हणतं याला कुणी विचारणार नव्हतं. मी हे ओळखून होते. ओळखण्यात मी पहिल्यापासून हुशार.

*

त्या वर्षी वैशाख अधिक आला. मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वामी येऊन सांगून गेले की अधिक महिना हिशेबात धरता येत नाही. तीन महिने म्हणजे शुद्ध तीन महिने हवेत. तेव्हा गवाक्ष काळ चार जूनला नव्हे, चार जुलैला सुटेल. तोवर उंबरा ओलांडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तीन जूनला सकाळी मी परसात असताना भावजींनी खिडकीतून हाक मारली. तीन महिन्यांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. उद्याची तारीख चुकवून चालणार नाही, असं ते म्हणाले. सुटायच्या आदल्या दिवशी तिथे आलेल्या बाईंनी त्यांच्याकडून तसं वचन घेतलं होतं. आईला त्यांनी दोनदा सांगून बघितलं, ती स्वामींच्या पुढे जाईना. “तुम्ही सांगितलंत तर पटेल तिला,” ते म्हणाले. “नुसतं एवढं म्हणा, कागदावरची तारीख बरोबर आहे. तुम्ही शिकलेल्या आहात.”

मी विचार करते म्हणाले. विचार केलाही. आत्याबाईंना सांगायचं तर कागदावरचा शब्द मला कळतो हे सांगावं लागणार, मग कधीपासून कळतो हेही आलंच. खरं बोलण्यात ही एक अडचण असते, ते एकटं कधी येत नाही. त्यापेक्षा आणखी एक खोटं सुटसुटीत होतं. मी सांगितलं की उद्या शाल्मलीला गोवराची लस द्यायला न्यायचंय. ती एप्रिलमध्येच देऊन झाली होती. दवाखान्यात गर्दी असते, बाळ घेऊन एकटी कशी जाऊ, भावजींना सोबत पाठवा, दहा पावलं मागून येतील.

“आणि उंबरा?” आत्याबाई म्हणाल्या.

“मागच्या दाराला उंबराच नाही, आत्याबाई. नुसती फरशी आहे.”

आत्याबाईंनी जाऊन खात्री करून घेतली. उंबरा खरंच नव्हता. शास्त्रापुढे त्यांचा नाइलाज झाला.

भावजींसाठी मी हे केलं असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे, मलाही त्या दिवशी तसंच वाटत होतं. मला तो कागद माझ्या डोळ्यांनी बघायचा होता.

चार जूनला आम्ही चालत निघालो. मी आणि शाल्मली पुढे, ते बरोबर दहा पावलं मागे. मी थांबले की ते थांबत. बाजारातल्या लोकांना वाटलं असेल, काय मर्यादशील माणूस आहे, वहिनीच्या सावलीवरसुद्धा पाय देत नाही.

सात नंबरच्या खोलीत शेख मॅडमच होत्या. चष्मा तोच, टेबलावरचा तक्ताही तोच, कडा जरा मळलेल्या. त्यांनी चिठ्ठी बघितली, नंबर वहीत शोधला आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. भावजी म्हणाले, असू द्या, घरच्याच आहेत.

तेव्हा मॅडमनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अहो, तुम्ही त्या शुद्धलेखनवाल्या ना?” त्या म्हणाल्या. “मला वाटलंच. हे बघा, तुमचं अजून ठेवलंय मी.”

त्यांनी तक्त्याचं पाचवं पान उलटलं. वर छापलं होतं ‘गवाक्श काळ’. त्यातल्या ‘क्श’वर निळ्या शाईने काट मारून कुणीतरी ठसठशीत ‘क्ष’ काढला होता. गाठ नीट वळलेली, वर रेघ सरळ. खाली त्याच निळ्या शाईत कंसात लिहिलं होतं: खिडकी.

मॅडम बोलतच होत्या. “एवढ्या बाया येतात, पण अशी हुशार बाई बघितली नाही. मी विचारेन त्याचं उत्तर तयार, कशाने होतं, कशाने होत नाही, सगळं धडाधडा सांगितलं. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा, हेसुद्धा मला यांनीच शिकवलं.”

रेवणभावजी उठून तक्त्याजवळ गेले. नुकतंच वाचायला लागलेलं मूल वाचतं तसं त्यांनी ते दोन शब्द वाचले. माझं अक्षर ते ओळखत होते. गिऱ्हाइकांच्या याद्या त्याच अक्षरात असत. वाचून झाल्यावर ते परत येऊन खुर्चीत बसले. माझ्याकडे बघितलं नाही.

रक्त घ्यायला आलेल्या माणसाने उजव्या हाताची शीर शोधली, ती सापडेना. डावी बाही वर करा म्हणाला. भावजींनी जरा वेळ लावला. मग मनगटाची गुंडी काढली आणि बाही कोपरापर्यंत वर केली.

मी तिथेच होते, तीन महिने जे बघायचं होतं ते बघत.

मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या-हिरव्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द गोंदलेला होता. शाल्मलि.

पहिली वेलांटी.

“हीच का ती?” मॅडमनी माझ्या कडेवर बघत विचारलं. भावजींनी मान हलवली. मग मॅडमनी वहीत बघून सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि भावजींनी सांगितलं, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं. बराकीत कुणाला तरी कळलं की हा नावं घालणारा आहे. एकाने मोडक्या रेडिओची मोटार मिळवली, एकाने सुई. कुणाला आईचं नाव हवं होतं, कुणाला बायकोचं, एकाला म्हशीचं. अकरा जणांची नावं घातली. सुई एकच. बारावं त्यांनी स्वतःवर घातलं, उजव्या हाताने डाव्यावर. मग सुटायच्या आधी तिथे या कामाच्या बाई आल्या, सुईने काय होतं ते त्यांनी सांगितलं, तेव्हा सगळ्यांत आधी हेच उठून उभे राहिले. नऊ जणांनी त्यांच्या मागोमाग रक्त दिलं. दोघं त्याआधीच सुटले होते, त्यांच्या गावी कार्डं टाकली आहेत.

“दादा भेटायला आला होता,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले. “जाळीपलीकडून ओरडून नाव सांगितलं त्याने. वेलांटी कुठली ते सांगितलं नाही. तुम्ही असता तर सांगितलं असतंत.”

जोडाक्षर अचूक होतं. अर्धा ल काढताना किती वेळा टोचावं लागलं असेल हे मी मोजायला लागले आणि मोजायचं सोडून दिलं. दुर्गा ठेवलं असतं तर लवकर आटपलं असतं.

अर्धा तास बाकावर बसायचं होतं. शाल्मली माझ्या मांडीवरून सारखी त्यांच्याकडे झेपावत होती आणि ते हात काखेत घालून समोरच्या भिंतीवरचं हिवतापाचं पत्रक वाचत होते. मग आत बोलावलं. मॅडमनी कागद आधी त्यांच्यापुढे ठेवला, मग तोंडाने सांगितलं. लागण नाही. आता हे पक्कं समजा. आणि सुई परत नाही.

मी कागद बघितला. माझ्या डोळ्यांनी. ठरवल्याप्रमाणे.

निघताना मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, तो त्यांच्या वहीतच छापलेला असणार. घरी काही त्रास नाही ना? लोक ताट वेगळं करतात, मुलांना हात लावू देत नाहीत, असं बरंच कानावर येतं.

“नाही मॅडम,” रेवणभावजी म्हणाले. “आमच्याकडे वहिनी शिकलेल्या आहेत.”

दवाखान्याच्या फाटकाशी येऊन मी थांबले. ते दहा पावलांवर थांबले. मीच मागे गेले आणि शाल्मलीला पुढे केलं. घ्या ना भावजी, म्हणाले.

त्यांनी हात पाठीमागे घेतले. “चार जुलैपर्यंत नको, वहिनी. स्वामींनी सांगितलंय.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं. ते गंभीर तोंडाने उभे राहिले, मी वळेपर्यंत वाट बघितली, आणि मोजून दहा पावलं अंतर ठेवून घरापर्यंत आले.

आत्याबाई परसात गहू निवडत होत्या. लस दिली का, साल्मल रडली का, त्यांनी विचारलं. भावजी मागच्या दाराने आपल्या खोलीत चालले होते. त्यांचा हात दाराला लागला होता.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “गवाक्ष म्हणजे खिडकी.”

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. भावजी दारात थांबले.

मी सांगत गेले. काळबिळ काही नाही, रक्ताची तपासणी असते, ती एकदा करून भागत नाही, म्हणून तारीख देतात. आज ती झाली. काही निघालं नाही. त्यांनी विचारलं, कसली तपासणी. मी अडखळले. ते सांगणं माझं नव्हतं.

“एड्सची, आई,” भावजी दारातून म्हणाले. “मला नाही झालेला. आणि झाला असता तरी ताटाने तुला लागला नसता.”

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. “हे तुला आज कळलं?”

“नाही.”

“भाकरतुकडा माझ्या हातात होता तेव्हा?”

“माहीत होतं.”

त्यांनी हातातला गहू सुपात टाकला. आवाज चढवला नाही. “मला अक्षर लागलं, अर्थ लागला नाही,” त्या म्हणाल्या. “तुला लागला होता.”

मग त्या उठल्या, मागच्या खोलीत गेल्या, आणि नाव घातलेलं ताट, वाटी, पेला घेऊन बाहेर आल्या. ताट-वाटी त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन आमच्या भांड्यांत ठेवली. पेला माठात बुडवला आणि त्यातलं पाणी तिथेच उभ्याने, पेल्याला ओठ लावून प्यायल्या. तोच पेला पुन्हा भरून माझ्यापुढे धरला. मीही प्यायले. शाल्मली एवढा वेळ माझ्या कडेवरून निसटायला बघत होती. मी तिला खाली ठेवलं. मागच्या दाराला उंबरा नव्हता. ती रांगत दारापर्यंत गेली आणि भावजींच्या पायजम्याला धरून उभी राहिली.

ते खाली बघत राहिले. चार जुलैची मी त्यांना आठवण करून दिली नाही. त्यांनी बाही वर सारली आणि तिला उचललं. कडेवर बसल्या बसल्या तिने त्यांचा हात धरला आणि दात येत असलेल्या हिरड्या पहिल्या अक्षरावर लावल्या.

आता ती पंधरा वर्षांची आहे, नववीत. सगळ्या विषयांत बरी आहे. मराठीत तेवढा एक दोष आहे. वहीवर, पेपरावर, जिथे म्हणून नाव घालते तिथे ती पहिली वेलांटी काढते. लिहायला तिला काकाने शिकवलं, हातावर बघून. दर वर्षी नव्या मराठीच्या बाई चिठ्ठी पाठवतात: आपली पाल्य स्वतःचे नाव अशुद्ध लिहिते, आई स्वतः मराठीच्या पदवीधर असूनही याकडे लक्ष देत नाहीत.

मी चिठ्ठीखाली सही करून ती परत पाठवते.